बाचा वर्षावास

या विषयावर मी लिहावं की नाही हे ठरवायच्या आतच लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. धम्मावर बोलायला वयानं आणि अभ्यासानं मोठी माणसं आहेत. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. बी.ए.ला पाली घेतली तीसुद्धा, त्या विषयात मार्क बरे पडतात असं वसतिगृहातल्या मुलांनी सांगितलं म्हणून. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही, त्यामुळे कुठं बोलावं आणि कुठं गप्प बसावं हे सांगणारंही कोणी नव्हतं. पुढं जे लिहिलं आहे त्यात शिकवण कमी आणि घरचंच जास्त आहे. मॅडमनी वार्षिकांकासाठी एखाद्या ऋतूवर लिहायला सांगितलं, आणि मला एकच ऋतू नीट आठवतो, एवढंच माझं कारण.

परवा आषाढ पौर्णिमा होती. क्रांती चौकात मी रस्ता ओलांडायला थांबलो होतो. सिग्नलला एक अ‍ॅपे रिक्षा उभी राहिली, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांनी भरलेली. कडेच्या बाईच्या मांडीवर कापडानं बांधलेलं पातेलं होतं. खीर असणार. वेलदोड्याचा वास आला. बाई पातेलं दोन्ही हातांनी धरून समोर बघत होती, जसं काही ते सांडलं तर सगळी पौर्णिमाच सांडेल. सिग्नल सुटला, रिक्षा गेली. मी मात्र रस्ता ओलांडायचा विसरलो. पुन्हा वर्षावास सुरू झाला होता.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी फिरायचं नसतं. एरवी त्यांनी एका गावात मुक्काम वाढवायचा नाही, पण पावसाळ्यात वाटेवर कोवळं गवत उगवतं, किडे-मुंग्या पायाखाली येतात, म्हणून या दिवसांत एका जागी राहायचं. तो झाला वर्षावास. गावाला तेवढे दिवस भंते मिळतात. रोज एका घरानं दुपारच्या आत त्यांना भोजनदान द्यायचं, संध्याकाळी विहारात जमायचं, वंदना घ्यायची, ध्यानाला बसायचं. पौर्णिमा संपली की भंते झोळी उचलतात आणि जातात. त्यांना अडवायचं नसतं.

आमचं गाव शेंद्र्याच्या पुढं, जालना रोडवरून आत. बा शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार मधूनमधून कामगारांना 'ब्रेक' देतो, म्हणजे काही महिने घरी बसवतो आणि मग पुन्हा बोलावतो. मी बी.ए.ला असताना एका वैशाखात बाला ब्रेक मिळाला. बाला रिकामं बसता येत नसे. आंगण झाडून झालं की तो सारवलेलंच पुन्हा बघत उभा राहायचा. त्याच सुमाराला आमच्या विहारात श्रामणेर शिबिर लागलं. थोडे दिवस केस उतरवून, चीवर घालून, श्रामणेर म्हणजे शिकाऊ भिक्खू म्हणून राहायचं आणि मग घरी परत यायचं. आमच्याकडं घरटी एका माणसानं जन्मात एकदा तरी बसावं असं म्हणतात. आमच्या घरातून कोणीच बसलेलं नव्हतं.

"ब्रेक हायच," बा म्हणाला. "बसून घेतो."

"बसा की," माय म्हणाली. "घरात तरी काय, भिंतीच मोजता."

इतकं साधं होतं ते.

मी शहरात वसतिगृहावर होतो. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं; आता ते बदललं, गाडीवरच्या पाट्या बदलल्या, माय अजून औरंगाबादच म्हणते. रविवारी गावी गेलो तेव्हा शिबिर संपलेलं होतं आणि बा घरी नव्हता. नागपूरकडचे एक वयस्क भिक्खू वर्षावासासाठी आमच्या विहारात येणार होते. त्यांना सगळे मोठे भंते म्हणत. त्यांच्या सोबतीला कोणी श्रामणेर असता तर बरं, असं निघालं, आणि बा म्हणाला, मीच राहतो, आश्विनापर्यंत तर आहे.

मी विहारात गेलो. पत्र्याचं छत, खाली शहाबादी फरशी, समोर बुद्धमूर्ती, आणि बाजूला भगव्या-पिवळ्या चीवरात बसलेला एक माणूस. डोकं तुळतुळीत. भुवयासुद्धा उतरवलेल्या. कान केवढे मोठे होते त्याचे! बाचे कान मी आधी पाहिलेच नव्हते, असं वाटलं. मी तसाच उभा होतो. गयाकाकूनं मागून ढोसलं. गयाकाकू म्हणजे बाच्या थोरल्या चुलतभावाची बायको, वस्तीतली सगळ्यांत मोठ्या आवाजाची बाई.

"पाया पड की रे. बाप नाय आता त्यो, भंते हायत."

मी गुडघे टेकले, कपाळ फरशीला लावलं. तीन वेळा. लहानपणापासून बाच्या पाया कधी पडल्याचं मला आठवत नाही. आमच्यात तसं काही नव्हतं. तो शिफ्टवरून यायचा, मी शाळेत जायचो. फरशी गार होती. वर बघितलं तर बा माझ्याकडे नाही, माझ्या डोक्याच्या थोडं वर बघत होता. मोठ्या भंतेंनी तसं शिकवलं असावं.

"सुखी व्हा," तो म्हणाला.

कालपर्यंत 'बा आला' म्हणत होतो, आता 'भंते आले' म्हणायचं. जीभ वळायला वेळ लागला. मायची वळायला माझ्याइतका वेळ लागला नाही, कारण तिनं नवऱ्याचं नाव असं कधी घेतलंच नव्हतं. तिच्यासाठी तो आधीही 'ते' होता.

त्या ऋतूतलं सगळ्यांत स्पष्ट आठवतं ते आमच्या घरची भोजनाची पाळी. माय पहाटेपासून चुलीपुढं होती. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वरण, थोडा भात, गुळाची खीर. पांढरी साडी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन तिनं ताट विहारात नेलं. दोन्ही हातांनी धरून पुढं केलं. मोठे भंते आणि बा शेजारी शेजारी बसले होते. बा खाली मान घालून, एकेक घास नीट चावून जेवला. जेवताना बोलायचं नाही, चवीच्या मागं जायचं नाही, घास तोंडात आहे हे जाणत राहायचं, असं मोठे भंते सांगत. माय समोर हात जोडून बसली होती. बाच्या ताटावरून तिची नजर हलली नाही.

घरी येऊन उरलेलं आम्ही वाढून घेतलं. वरण अळणी होतं.

"माय, मीठ इसरलीस."

"इसरले नाय."

"मग?"

ती भाकर मोडत होती. "लगीन झाल्यापासून एक दिवस सोडला नाय त्यांनी. मीठ कमी. मीठ जास्त. भाकर जाड. आज मीठच घातलं नाय. बघावं म्हणलं."

"मग काय म्हणाले?"

"काय म्हणणार? खाल्लं. सुखी व्हा म्हणले." थोड्या वेळानं तिनं मिठाची बरणी माझ्याकडं सरकवली आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या गयाकाकूला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "गेला बाई माणूस."

गयाकाकू हसली. मीही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं. आज वसतिगृहाच्या मेसमध्ये कधी आमटीला मीठ कमी पडलं, की मुलं ओरडतात आणि मी तशीच खातो. त्यात काही साधना वगैरे नाही. फक्त मला त्या क्षणी तक्रार करणाऱ्या माणसाची फार आठवण येते.

मी दर रविवारी जाऊ लागलो. खरं सांगायचं तर आधी महिना-महिना जात नसे. संध्याकाळी विहारात सगळे भिंतीला धरून बसायचे, आणि मोठे भंते सांगायचे, श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे, एवढंच बघा. ओढू नका, सोडू नका, बघा. मी आनापानसती हा शब्द पाठ केलेला होता, त्याच्यावर टीप लिहून मला चांगले मार्क मिळाले होते. प्रत्यक्षात चार श्वासांच्या पुढं माझं मन टिकत नव्हतं. कधी परीक्षा, कधी बसचा पास, कधी वर्गातली एक मुलगी. आणि बा तर चक्क झोपायचा. वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेला माणूस. डोळे मिटले की त्याचं अंग समजायचं की शिफ्ट सुटली. मान छातीवर यायची, आणि मग घोरणं.

"भंते, माझ्यानं होत नाय," बा एकदा मोठ्या भंतेंना म्हणाला. "झोपच येती."

"झोप आली तर झोप आली असं जाणा," मोठे भंते म्हणाले. "घोरणं आलं तर ते शेजारचे जाणतील."

बा असा मोकळा हसलेला मी घरी पाहिला नव्हता. घरी तो हसायचा ते टीव्हीकडे बघून.

त्याच संध्याकाळी विहाराबाहेर, पावसानं काळ्या पडलेल्या फरशीवर तो सावकाश चालत होता. पाऊल उचललं, पुढं नेलं, टेकवलं. मी कडेला बसलो होतो. माझ्याजवळ येऊन तो थांबला आणि म्हणाला, "लेका, श्वास बघाया बसलं ना, की मला प्रेस ऐकू येती. धाड. मग गप. मग धाड." लगेच त्याला आठवलं असावं. तो म्हणाला, "उपासक, जपून जा. रस्त्याला चिखल हाय." आणि पुन्हा चालू लागला.

आमच्यात जे काही बोलणं झालं असेल, त्यातलं बरंचसं शिबिरानंतरच्या या चार महिन्यांच्या आतलं आहे. हे लिहितानाही विचित्र वाटतं. बा घरात होता तोवर मी त्याला पाहिलं नाही, आणि तो घरातून गेला तेव्हा त्याला पाहायला आठवड्याला येऊ लागलो. पाहिलंही कसं, तर हात जोडून, दोन पावलं लांबून.

गावाला मात्र आनंद होता. आपल्या वस्तीतला माणूस चीवरात, ही काही लहान गोष्ट नव्हती. आजूबाजूच्या गावांतून लोक दर्शनाला यायचे. मायला बायका आपल्या आधी वाट द्यायच्या. हळूहळू असं बोललं जाऊ लागलं की आश्विनानंतर भंते पुढं जातील, उपसंपदा घेतील, कायमचे भिक्खू होतील. कोणी ठरवलं, मला माहीत नाही. बानं ठरवलं होतं का, तेही माहीत नाही. बोलणं एकदा सुरू झालं की ते गावाचं होतं.

माय यावर काही बोलत नव्हती. एकदा ती पीठ मळत असताना मी तिला समजवायला गेलो. वर्गात त्याच आठवड्यात तण्हा आणि उपादान शिकवून झालं होतं. मी म्हणालो, "माय, धरून ठेवणं हेच दुःखाचं मूळ असतं."

"व्हय," ती म्हणाली. "म्हणूनच तर गप हाय."

मला वाटलं, तिला पटलं. मी समाधानानं बस पकडली.

भाद्रपदात मोठे भंते आणि बा एका कार्यक्रमाला शहरात आले होते; वर्षावासातही कामापुरतं जाऊन मुक्कामाला परत यायला हरकत नसते. कार्यक्रम संपल्यावर मोठे भंते म्हणाले, लेण्या बघू. मी दोघांना घेऊन विद्यापीठामागच्या डोंगरावर गेलो. गवत कमरेएवढं वाढलेलं, पायऱ्यांवर शेवाळ. खाली मकबऱ्याचा घुमट ढगात अर्धा बुडालेला. आत एका लेण्यात बुद्धमूर्तीसमोर दोन्ही बाजूंना माणसं गुडघ्यांवर बसलेली कोरली आहेत, अगदी खऱ्या माणसांएवढी. बाया आहेत, पुरुष आहेत. केसांची बांधणी, गळ्यातले दागिने, जोडलेले हात. अंधाराला डोळे सरावले की दचकायला होतं, इतकी ती माणसं जिवंत वाटतात. मोठे भंते मूर्तीपुढं वंदनेला बसले. बा मूर्तीकडं पाठ करून या माणसांसमोर उभा राहिला.

"ही कोण?" त्यानं विचारलं.

"उपासक-उपासिका," मोठे भंते म्हणाले. "घरसंसारातली माणसं."

बा बघत राहिला. एका बाईच्या दगडी हातावर त्यानं हात ठेवला, मग चीवरातला माणूस बाईला हात लावत नसतो हे आठवून काढून घेतला. दगडाची होती तरी.

"लई येळ बसलेत," तो म्हणाला.

"हजार-दीड हजार वर्षं," मी म्हणालो.

"आन इतक्या येळात कुणी त्यांला, चला उठा आता, असं म्हणलं नाय."

मोठे भंते हसले, म्हणून मी हसलो. त्यानंतर मी कितीतरी वेळा त्या लेण्यात गेलो आहे. तिथं गेलं की मला मूर्तीसमोर नीट उभं राहता येत नाही. मीही त्या बसलेल्या माणसांकडेच वळतो. बानं ते वाक्य कोणाबद्दल म्हटलं होतं, हे मला तिथं बसून ठरवता आलेलं नाही.

वर्षावासानंतर चीवरदान असतं. गावानं मिळून भिक्खूंना नवं चीवर द्यायचं. मोठ्या भंतेंचं गाव देणार होतं. बाचं आम्ही द्यायचं ठरलं. माय मला घेऊन गुलमंडीत, शहरातल्या कापडबाजारात आली. दुकानदार म्हातारे चाचा होते, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. त्यांनी गठ्ठे उघडले.

"कितना होना, अम्मा? माप क्या है साब का?"

मायनं आपल्या डोक्याच्या वर वीतभर हात धरला. "एवढे हायत. खांदे जरा रुंद."

"कौन लगते तुमारे?"

कापडाची सुरकुती तिनं बोटानं सरळ केली. "आमचे भंते हायत," ती म्हणाली.

चाचांनी मान हलवली आणि एक कापड पुढं टाकलं. "ये लेव. पक्का रंग. बीस साल धोव, नै जाता."

"इतका पक्का नको," माय म्हणाली.

चाचा हसायला लागले. शेजारच्या नोकराला म्हणाले, "पैली बार देखा रे, गिराक कच्चा रंग मांगती."

मायही हसली, तोंडाला पदर लावून. पण तिनं खरंच दुसरं, स्वस्तातलं घेतलं नाही. तेच घेतलं. परतीच्या बसमध्ये ते पुडकं तिनं मांडीवर धरलं होतं आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती. माझ्या हातात पुस्तक होतं. मी वाचत होतो.

आश्विन पौर्णिमेला पवारणा असते. वर्षावास एकत्र काढलेले भिक्खू त्या दिवशी एकमेकांना विनंती करतात, की माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेनं सांगा. हे खरं भिक्खूंचं आपापसातलं. पण आमच्या विहारात दोघेच जण, म्हणून मोठे भंते म्हणाले, आपण इथल्या उपासक-उपासिकांनाच विचारू. इतके दिवस यांच्याच घरचं खाल्लं आहे. आणि ते असंही म्हणाले की श्रामणेरांना आता पुढची वाट धरायची आहे, तेव्हा कोणाच्या मनात काही असेल तर ते इथंच सांगून मोकळं व्हावं.

विहार भरलेलं होतं. पंख्याचा आवाज, अगरबत्ती, मागं खिरीसाठी रडणारं एक पोर. बा उकिडवा बसला, हात जोडले. आधी पालीत म्हणाला, अडखळत. मग आमच्या भाषेत.

"माझ्याकडून काही चुकलं असंल, कोणाला दिसलं असंल, ऐकू आलं असंल, तर सांगावं. म्या सुधारीन."

मग गयाकाकू उठली. "पाहिलेलं नाय, पण ऐकलेलं हाय. भंते, ध्यानात घोरता तुमी."

सगळं विहार हसलं. मोठे भंते हसले. बाही हसला, म्हणाला, "मान्य हाय." मग हसू ओसरलं आणि त्यानं पुन्हा विचारलं, "आनखी कोणी?"

हे विचारताना तो बायकांच्या बाजूला बघत होता. त्या चार महिन्यांत त्यानं तिकडं सरळ पाहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. माय दुसऱ्या ओळीत होती. तिच्या आजूबाजूच्या बायकांनीही तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर सारखा केला, हात जोडले, डोळे मिटले, आणि म्हणाली, "साधू."

साधू म्हणजे छान, सगळं मान्य. मग सगळेच म्हणाले. साधू, साधू, साधू.

आता उठायला हरकत नव्हती. पण बा उठला नाही. तसाच उकिडवा, हात जोडलेला, थोडा वेळ बसून राहिला. मी ते पाहिलं. जागरूकता, सती, जे काही मी पाठ केलं होतं, ते त्या क्षणी माझ्याकडे होतं. पंख्याचा आवाजसुद्धा मला आठवतो. मला वाटलं, त्याचा गुडघा धरला. मी पुढं होऊन हात दिला. त्यानं माझा हात धरून स्वतःला उठवलं आणि म्हणाला, "सुखी व्हा."

चीवरदान झालं, आणि दिवाळीनंतर गावानं त्यांना वाजतगाजत फाट्यापर्यंत पोचवलं. पाकळ्या उधळल्या. फाट्यावर तरुण पोरांनी फ्लेक्स लावला होता, नव्या चीवरातला बाचा फोटो, खाली 'गावाचे भूषण'. बस आली. मोठे भंते चढले, बा चढला. मायनं रस्त्यावर, डांबरावर डोकं टेकलं. बस गेली तरी तिनं लगेच डोकं वर केलं नाही. आसपासच्या बायका म्हणाल्या, केवढी श्रद्धा.

महिन्याभरानं ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवर आला. ब्रेक संपला, उद्यापासून या म्हणावं. माय म्हणाली, "ते आता भंते झालेत." त्यानंही हात जोडले आणि गेला.

सुरुवातीला मोठ्या भंतेंच्या मोबाईलवरून कधी फोन यायचा. आधी नांदेडकडून, मग नागपूरहून. बा फार बोलत नसे. मंगल असो म्हणायचा. मायला फोन दिला तर ती पदर डोक्यावर घ्यायची आणि ऐकत राहायची. मग मोठे भंते म्हणाले, ते दुसऱ्या भिक्खूंबरोबर पुढं गेले. त्यानंतर काही कळलं नाही. एक वर्षावास गेला, दुसरा गेला. फ्लेक्सचा रंग उडाला, मग एका वादळात तो फाटला आणि कोणीतरी त्याचं कापड कडब्यावर टाकायला नेलं.

मी बी.ए. झालो. अनित्यतेवर आता मला पानभर लिहिता येतं. सगळं बदलतं, धरून ठेवलेलं हातातून जातं, हे खोटं नाही. पण आम्ही तिघांनी त्या ऋतूत त्याचा जो अर्थ लावला, तो आमचा आम्हीच लावला. कोणी काही मागायचं नाही, कोणी कोणाला थांबवायचं नाही. मायला वाटलं, बोललं तर त्यांचं पुण्य अडवल्यासारखं होईल. मला वाटलं, गप्प बसणं म्हणजेच सोडणं. आणि बाला काय वाटलं ते विचारायचं राहूनच गेलं. सोडून देण्याआधी माणसाला एकदा सांगावं लागतं, की तू आम्हाला हवा आहेस. मग तो जाईल किंवा राहील. आम्ही ते सांगितलं नाही. आम्ही वंदन करत करत त्याला घराबाहेर नेलं, आणि प्रत्येक वंदनेबरोबर परतीची वाट थोडी थोडी बंद होत गेली. देवासारखं पूजलेल्या माणसाला मीठ कमी आहे म्हणायला घरी कसं येता येईल?

इथवर लिहून झालं होतं. शेवट कसा करावा हे कळत नव्हतं म्हणून कागद घेऊन गावी आलो. आज दुपारी गयाकाकू जालन्याहून आली. तिच्या भाचीच्या मुलीचा साखरपुडा होता. पिशवी खाली न ठेवताच ती आमच्या ओट्यावर बसली. माय शेंगा फोडत होती.

"भाऊजीला पाहिलं म्या," गयाकाकू म्हणाली.

मायचा हात थांबला.

"जालन्यात. ज्या कार्यालयात साखरपुडा व्हता ना, त्याच्या गेटावर. प्यांट-शर्ट, डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी. गाड्या लावीत व्हते. आधी वळखूच येईनात. म्या म्हणलं, भंते? तर म्हणले, वहिनी, आता भंते नका म्हणू."

"बरे हायत का?" मायनं विचारलं.

"वाळलेत. केस आलेत, समदे पांढरे. चीवर गेल्या थंडीतच उतरवलं म्हणले. पळून नाय आलो, थोरल्या भिक्खूला इचारून, वंदना करून उतरवलं म्हणले. मन लागंना. म्हणलं, मग घरी कामून आले नाय? तासाभराची वाट. तर म्हणले, वहिनी, कोणत्या तोंडानं येऊ? फाट्यावर फोटू हाय माझा. म्हणलं, त्यो कवाच फाटला."

"मग?"

"मग गाडी आली एक, ते शिट्टी वाजवाया गेले. परत आले आन हळूच इचारलं, वहिनी, तुमाला तिनं धाडलं का?"

मीच विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? नाय म्हणलं. म्या आपली साखरपुड्याला आले म्हणलं. पंचशील घेतलेल्या बाईनं खोटं कसं बोलावं?" गयाकाकूचा मोठा आवाज बारीक झाला होता. "पर व्हय म्हणायला पायजे व्हतं गं. लई वंगाळ तोंड झालं त्यांचं."

लेख उद्या द्यायचा आहे. तो मित्राच्या हाती पाठवतो आहे, कारण सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही जालन्याला निघतो आहोत. तिथं काय होईल ते यात येणार नाही. बा अजून त्या गेटावर असेल की नाही, हेही मला माहीत नाही. मी मायला म्हणालो, त्यांच्याशी काय बोलायचं ते आपण आधी ठरवू.

"तू काय बी बोलू नको तिथं," माय म्हणाली. "म्या बोलणार हाय."